मेलेलं कॅरेक्टर, जागं मन: अनडेड सायकिक घ्यावं की नाही, कसं ठरवावं

नौपाड्यातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर नवं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी एक गोष्ट) सुरू होताना कुणीतरी एकजण हमखास म्हणतो, "मी मेलेला असणार." गेल्या खेपेला त्यात भर पडली. मेलेला तर मेलेलाच, वर मनाच्या जोरावर धोंडे भिरकावणारा. म्हणजे पाथफाइंडर या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतला सांगाडा, एक 'अनडेड' (मरूनही चालता-बोलता) वंश, आणि क्लास म्हणजे पेशा सायकिक, मनाच्या शक्तीने मंत्र टाकणारा. दोन्हींचे नियम २०२२ च्याच पुस्तकांतले, त्यामुळे जोडी जमायला अडचण नव्हती. तिसऱ्या लढाईत हा पठ्ठ्या आमच्याच क्लेरिकच्या, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा भरणाऱ्या साथीदाराच्या, हातून आडवा झाला. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने येणारी ती बिचारी नंतर तलावपाळीवर कुल्फी खातानाही सॉरी म्हणत होती.

तेव्हापासून हे कॅरेक्टर कुणी मागितलं की मी एकच सांगतो: जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) आधी क्लेरिकला विचार. या कॅरेक्टरचा खरा खर्च तुमच्या शीटवर (कॅरेक्टरचे आकडे लिहिलेल्या कागदावर) दिसत नाही, तो शेजारी बसलेल्याच्या शीटवर पडतो.

पायरी १: जखमांचा हिशोब मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. 'हील' हा मंत्र जिवंताला बरं करतो आणि अनडेडला भाजतो. पहिल्या रँकचा (सगळ्यात खालच्या पातळीचा), दोन ॲक्शनचा (पाळीतल्या दोन कृती खर्चून टाकलेला) हील जिवंत माणसाला एक आठमुखी फासा अधिक ८ इतके एचपी (किती मार सोसता येईल ते मोजणारे गुण) परत देतो. तोच तुमच्यावर टाकला तर त्या फाशावर पडेल तेवढं नुकसान. तीन ॲक्शनचा हील तर क्लेरिकभोवती ३० फुटांत, म्हणजे नकाशावर सहा चौकोन, सगळीकडे पसरतो, आणि त्यात कुणाला वगळायची सोय नाही. मित्र बरे होतात, तुम्ही भाजता.

आता आकडे बघा. सांगाड्याचे ६ एचपी, सायकिकचे लेव्हलमागे ६, आणि कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कस) +१ धरलं तर पहिल्या लेव्हलला एकूण १३. आठमुखी फाशाची सरासरी साडेचार. म्हणजे मैत्रिणीने चांगल्या मनाने केलेल्या एका हीलमध्ये तुमचा तिसरा हिस्सा गेला. फॉर्टिट्यूड सेव्हने (शरीराच्या चिवटपणावर टाकायच्या फाशाने) नुकसान कमी होऊ शकतं, पण सायकिकचा फॉर्टिट्यूड यथातथाच असतो.

तुम्हाला लागतो 'हार्म', म्हणजे हीलचा उलटा भाऊ. तो अनडेडला तसाच, फासा अधिक ८ ने बरं करतो. म्हणून क्लेरिकला सरळ विचारा, "रोज एखादा हार्म माझ्यासाठी तयार ठेवशील का?" तिला देवाकडून रोज जादा हील मिळत असतील तर ते तुमच्या काही कामाचे नाहीत. तुमच्यासाठी ती स्वतःचा नेहमीचा स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एकाची जागा) मोडणार, आणि तो स्लॉट एरवी पार्टीसाठी खर्च झाला असता. ती नाही म्हणाली तर रुसू नका.

मग पुढचा प्रश्न, मेडिसिन (वैद्यकीचं कौशल्य) कुणाकडे आहे? त्यातली मलमपट्टी, 'ट्रीट वूंड्स', फक्त जिवंतांवर चालतं. 'स्टिच फ्लेश' हा फीट (जादा कसब) कुणी घेतला तरच तुमची हाडं शिवून मिळतात. तुम्ही शून्यावर पडलात तर क्लेरिकचं मरणाऱ्याला सावरणारं 'स्टॅबिलाइझ'सुद्धा कामाला येत नाही. हे बहुतेकांना कळतं ते पडल्यावर.

पायरी २: बदल्यात काय मिळतं ते खरं खरं लिहा

खेळाडूंच्या डोक्यात असतं, मेलेला म्हणजे विष नाही, रोग नाही, मनावर कुणाचा ताबा नाही. ते राक्षसांच्या पुस्तकातल्या अनडेडचं झालं, आणि मनाचं कवच तर त्यांतल्याही बिनडोकांनाच. खेळाडूच्या अनडेडला विष आणि रोगाविरुद्ध जेमतेम +१ मिळतो. शून्य एचपीला तो लगेच नष्ट होत नाही, इतरांसारखाच 'डाइंग' होतो, म्हणजे मरणपंथाला लागतो, हा मात्र खरा फायदा. आणि मनावरचे हल्ले त्याला लागतात. थोडक्यात, स्वतः भूत असून भूतबाधा होते.

एवढ्यावर मन खट्टू झालं तर इथेच थांबा, काही बिघडत नाही. पुढच्या पायऱ्या हट्टी लोकांसाठी आहेत.

पायरी ३: मनाचा प्रकार कॅम्पेन बघून निवडा

सायकिकला 'कॉन्शस माइंड' निवडावा लागतो. 'सायलेंट व्हिस्पर' ऐकायला सगळ्यांत भारी, पण त्याचा मारा मनावर. समोर बिनडोक झोंबी आणि सांगाडे आले की मन नावाची चीजच नाही, मारणार कुठे? अनडेड नायकासाठी जीएम साहजिकच स्मशानं आणि थडगी आखतो, आणि तिथेच हा प्रकार लुळा पडतो. अशा कॅम्पेनला 'डिस्टंट ग्रास्प' घ्या. त्यातल्या 'टेलिकायनेटिक प्रोजेक्टाइल'ने जी वस्तू फेकाल तसं नुकसान होतं. सांगाड्यांना धारदार आणि टोकदार वस्तू फारशा लागत नाहीत, तेव्हा दगड फेका. दरबारी कारस्थानांचं कॅम्पेन असेल तर 'सायलेंट व्हिस्पर' खुशाल घ्या.

पायरी ४: मुख्य गुण

करिश्मा. सांगाड्याला त्यात वाढ मिळते आणि बुद्धीत घट. सायकिकला 'सबकॉन्शस माइंड' या दुसऱ्या निवडीनुसार दोन्हींपैकी एक चालतं, तेव्हा फार डोकं खाऊ नका.

पायरी ५: 'अनलीश सायकी' कधी वापरायची ते आधीच ठरवा

सायकिककडे मंत्रांचे स्लॉट कमी, पहिल्या लेव्हलला एकच. त्याची भरपाई दोन फोकस पॉइंट (थोड्या विश्रांतीने परत मिळणारी ताकद) आणि 'अनलीश सायकी' करतात. मन मोकळं सोडलं की दोन राउंड (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) तुमचे मंत्र जास्त लागतात, नुकसानात मंत्राच्या रँकच्या दुप्पट इतकी भर. नंतरचे दोन राउंड तुम्ही 'स्टुपिफाइड १', म्हणजे गुंगीत असता. प्रत्येक मंत्राआधी वीसमुखी फासा टाकायचा, ६ च्या खाली पडला तर मंत्र वाया. चारांतला एक गेला म्हणा ना.

आता हे पायरी १ ला जोडा. ज्या दोन राउंडमध्ये तुम्ही सगळ्यात कमजोर, त्याच वेळी शत्रूचं लक्ष तुमच्यावर, आणि तुम्हाला उचलायला क्लेरिककडे फार तर एक हार्म. म्हणून लढाई चौथ्या राउंडपर्यंत जाईल असं वाटलं तर सुरुवातीलाच मन सोडू नका. आमच्या पठ्ठ्याने नेमकं तेच केलं होतं.

पायरी ६: हा मेला तरी कसा?

इथे परदेशी थडगी कशाला हवीत? आपल्याकडे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुंजा आहे, ठेव्यावर बसलेला समंध आहे. समंधाचा जीव कशात अडकलाय ते ठरलं की त्याचा स्वभाव आपोआप ठरतो. नियम सांगाड्याचे, गोष्ट आपली. जीएमला मात्र एक विचारून ठेवा: गावात शिरताना लोक दगड मारणार का? हा वंश नियमांत 'रेअर' (दुर्मीळ) आहे, त्यामुळे तशीही परवानगी लागतेच.

एवढी उठाठेव नको असेल तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत 'रीबॉर्न' घ्या, जोडीला 'ॲबरंट माइंड' सॉर्सरर, म्हणजे मनाची जादू असलेला जादूगार. रीबॉर्न मरून परत आलेला असतो, पण नियमांच्या लेखी ह्युमनॉइड (माणसासारखा जीव), त्यामुळे जखमा भरणारं 'क्युअर वूंड्स' त्याला चालतं. चार तासांत लाँग रेस्ट (रात्रीची पूर्ण विश्रांती) होते, डेथ सेव्हला (मरणाच्या दारातला फासा) ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून चांगला धरायचा. मला तो जरा गुळमुळीत वाटतो, पण नवख्यांना तोच देतो.

आमचा सांगाडा अजून आहे. फायटरने स्टिच फ्लेश घेतला, क्लेरिक रोज एक हार्म राखून ठेवते. आणि मोठा हील टाकायचा झाला की ती आपल्या पाळीला टेबलावर तीन बोटं ठेवते, जीएमला "थांब" म्हणते आणि नकाशावरचे चौकोन मोजते. सांगाडा सातव्या चौकोनावर असेल तरच पुढे जाते. सहाव्यावर असला तर सगळे मिळून त्याच्याकडे बघतात.