गोठ्याची ‘समुद्रकाठची’ खोली करताय? या चुका टाळा

मेव्हणा दोन रात्री तारकर्लीला राहून आला आणि थेट शेतातल्या रिकाम्या गोठ्यापुढं येऊन उभा राहिला. “दाजी, इथंच तसली खोली करायची.” पांढऱ्या भिंती, फिकट निळं दार, वेताच्या खुर्च्या. परभणीत समुद्र नाही तर नाही, पण खोली व्हायला काय हरकत! खोली झाली. पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्या रंगाचे पापुद्रे मात्र पायाखाली यायला लागले.

चूक रंगाची नव्हती. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत जिथं मुरलं, तिथं जमिनीत आणि भिंतीत क्षार साठतात. ओल चढली की ते बाहेर फुटतात. यालाच आपण लोणा म्हणतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि रंग गिलाव्यासकट सुटतो. आधी गोठ्यातली माती फूटभर तरी काढून टाका, जुना गिलावा खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या. मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. पांढरा तो पांढराच दिसतो, शिवाय भिंत श्वास घेते.

दुसरी चूक काचेची. कोकणात दुपारी समुद्रावरून गार वारा येतो, म्हणून तिकडं मोठ्या खिडक्या शोभतात. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस अंशात दुपारचा वारा म्हणजे झळ. पश्चिमेला भिंतभर काच लावली की खोलीची भट्टी झालीच. मोठी खिडकी उत्तरेला घ्या, वर छताजवळ झरोका ठेवा. पत्र्यावर चुना मारा, खाली छत करा. कूलर चालवणार असाल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. कोकणच्या दमट हवेत कूलर फारसा कामाचा नाही, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो मस्त चालतो.

भिंत जुनी, दगड-मातीची असेल तर खिडकी फोडण्याआधी थांबा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड, मातीत रचलेल्या भिंती माणसांवर कोसळल्या. गवंडी म्हणेल, “काही होत नाही.” ऐकू नका, इंजिनिअरला दाखवा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय, उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते? मग पुट्टी भरत बसू नका, खालची काळी माती हलतेय. ती ओलीनं फुगते, वाळली की भेगाळते. नवीन भिंतीचा पाया मुरूम लागेपर्यंत न्या. आणि बाथरूमचं सांडपाणी भिंतीलगत सोडू नका. मेव्हण्यानं नेमकं तेच केलं होतं. हौसेनं निळ्या टाइल्सचं बाथरूम काढलं आणि पाइप काढला पाठीमागं, जोत्याला चिकटून. आता तोच पाइप उचलून लिंबाच्या झाडाकडं नेतोय.

समुद्रकाठी गंज लवकर चढतो म्हणून तिकडं महागडं स्टील वापरतात. तो खर्च आपल्याला नको. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र काचेवर आणि नळांवर पडणारच. कोळ्याची जाळी भिंतीवर टांगायची असेल तर खुशाल टांगा, धूळ झटकायची तयारी ठेवून. आमच्याकडची जाळी दोन महिन्यांत कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली.