फायरवॉलमधून वायरिंग नेताना: जुन्या जीपची बांधणी, ठाणे

नव्या बॉडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) वायरिंगसाठी भोक नव्हतं. जागा ठरवताना आधी आतून बघा: वायपरची लिंक, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, हीटरचे पाइप मध्ये येतात. एक्झॉस्टच्या बाजूला तर नकोच.

6 मिमीचं पायलट ड्रिल, मग होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत). भोकाचा व्यास ग्रोमेटच्या (भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी) खाचेएवढा ठेवायचा, वायरच्या बंडलच्या जाडीएवढा नाही. इथेच बहुतेक जण फसतात. मग ग्रोमेट एकतर बसत नाही किंवा निसटतो आणि उघडी पत्र्याची धार घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत इन्सुलेशन कापत बसते. धार कानसीने घासून झिंक प्रायमर मारला. तो वाळल्यावरच ग्रोमेट.

मोठा कनेक्टर भोकातून जात नाही म्हणून भोक वाढवू नका. फोटो काढून, पिना नंबर टाकून सोडवा, वायर ओढा, पुन्हा बसवा. बॅटरीची जाड केबल मात्र वेगळ्या ग्रोमेटमधून, आणि तिचा फ्यूज बॅटरीजवळच.

इंजिनकडे पीव्हीसी टेप उष्णतेने चिकट होऊन सुटते. कापडी टेप आणि कोरुगेटेड पाइप वापरला. पी-क्लिप (वायर पत्र्याला धरून ठेवणारी पट्टी) ग्रोमेटपासून साधारण 10 सेंमीवर, म्हणजे ताण रबरावर येत नाही. ग्रोमेटच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, वायरला खाली झोल दिला, पाणी तिथूनच ठिबकतं. फटी बुजवायला सिलिकॉन न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला गंजवतं.

शेवटी बॅटरी काढून बाहेरून पाइपने पाणी मारलं, आत टिश्यू दाबून धरला. कोरडा राहिला.