स्प्लेंडरची सीट घरीच नीट करा, आणि सीट निघालीच आहे तर मागचं मडगार्डपण उतरवा

आमच्या रत्नागिरीत गाडीचं वाटोळं करायला पाऊस आणि खारा वारा दोघेच पुरे आहेत. माझ्या जुन्या स्प्लेंडरच्या सीटला मधे खड्डा पडलेला, ब्रेक मारला की मागे बसलेली बायको घसरत पुढे आणि मी टाकीवर. एका सीटवाल्याकडे दिली तर त्याने जुन्याच कुशनवर गादीचा मऊ फोम चिकटवून रेक्झिन मारून दिलं, महिन्याभरात परत फोमखालचा कडक बेस टोचायला लागला. मग म्हटलं आता घरीच करायचं, एक रविवार गेला तर गेला.

सीट निघते पटकन. दोन्ही साइड कव्हरं काढा, रबरात बसलेली असतात, एकाच कोपऱ्याने खेचली की खुंटी मोडते म्हणून हळू. आत सीटचे बोल्ट दिसतील ते सोडवले की सीट मागे ओढून उचलायची, कारण पुढचा हूक टाकीखाली अडकलेला असतो. मग सीट उलटी करून बारक्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्टेपल उचकटा आणि पक्कडीने ओढा. जुनं कव्हर फाडू नका, नवीन कापायला तोच फर्मा आहे.

खरी मेहनत फोमची. सीटवर तुम्ही बसता तिथे आणि मागचा माणूस बसतो तिथे खडूने खूण करा. मागची जागा पुढे उतरती झाली असेल तर ती सपाट करायची, खड्ड्यातला बसलेला फोम कापून तिथे कडक, जास्त डेन्सिटीचा तुकडा भरायचा. गादीचा फोम नको, बोटाने दाबला तर लगेच तळाला जातो तो आपल्या कामाचा नाही. कापायला दातेरी ब्रेडची सुरी किंवा हॅक्सॉचं नुसतं पातं, आणि एका वेळी सेंटीमीटरभरच काढायचं. मी पहिल्याच झटक्यात पाय नीट टेकावेत म्हणून पुढच्या दोन्ही कडा अशा काही तासल्या की मांडीला बेसची धार लागायला लागली, परत तुकडे चिकटवत बसलो. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबर सोल्युशन, दोन्ही बाजूला लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं मग दाबायचं. खरखरीत पॉलिश पेपरने उंचवटे घासून टाका, नाहीतर रेक्झिनवरून सगळे दिसतात.

स्टेपल मारायची घाई करू नका. जुनं कव्हर नुसतं सुतळीने बांधून सीट गाडीवर चढवा आणि अर्धा तास फिरून या, मागे कोणालातरी बसवून. टोचतंय, घसरतंय ते तेव्हाच कळतं.

आणि हे मात्र विसरू नका, फोम आणि रेक्झिनच्या मधे जाड प्लास्टिकचा कागद घाला. रेक्झिनच्या शिलाईतून पाणी आत झिरपतं आणि फोम ते धरून ठेवतो, मग ऊन पडलेलं असतानासुद्धा ऑफिसात ओली पँट घेऊन जायची वेळ येते, दोन पावसाळे भोगलंय. रेक्झिन पंधरा मिनिटं उन्हात ठेवलं की ताणायला मऊ होतं. आधी नाकाकडे, म्हणजे सीटच्या पुढच्या टोकाला दोन स्टेपल, मग मागे ताणून दोन, मग डावी उजवी, डावी उजवी असं करत. एकच बाजू पूर्ण मारत गेलात तर शिलाई वाकडी जाते. बेस प्लास्टिकचा असेल तर ६ मिमीचे स्टेपल पुरतात, लांब घेतले तर आरपार जाऊन कुठे टोचतील ते सांगायला नको.

आता सीट निघालीये तर मडगार्डच्या पत्र्यावर टॉर्च मारा. खालून चिखल बसून गंज आतून खातो, वरून चकाचक दिसतं. मडगार्ड उतरवायला आधी मागचं चाक काढायचं. गाडी मेन स्टँडवर घ्या, ब्रेक रॉडचा नट काढून रॉड मोकळा करा आणि स्प्रिंग, पिन, नट लगेच त्याच रॉडला परत लावून ठेवा, शोधत बसायला नको. मग ब्रेक प्लेटचा (ड्रमच्या झाकणाचा) टॉर्क आर्म, म्हणजे प्लेट फिरू नये म्हणून धरणारी पट्टी, सोडवा; नट निघू नये म्हणून असलेली त्याची स्प्लिट पिन बसवताना नवीनच टाकायची. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, मोठा नट सोडवा, एक्सल हळूच ओढा, मधला कॉलर टपकन पडतो, तो कुठल्या बाजूचा होता ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्लेंडरला चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतं, चाक तेवढं बाजूला सरकवून बाहेर येतं, मडगार्डला अडलं तर दुसऱ्या कोणाला तरी गाडी थोडी तिरकी धरायला सांगा. ड्रममधली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसा.

मडगार्ड सोडवताना आधी बॅटरीची मायनस वायर काढा, मग टेल लाइट आणि इंडिकेटरचे कनेक्टर, प्रत्येकाचा फोटो. मग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज घासा, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा, वाळला की पेंट. पोरं मडगार्ड कापून गाडी स्पोर्टी करतात, पण पावसात मागच्याच्या पाठीवर चिखलाची रांगोळी, आणि मागचं चाक अर्धं तरी झाकणारं साडी गार्ड नियमातच आहे. मी तरी कापणार नाही.

पुढचं चाक काढायचं असेल तर इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, आणि बसवताना ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती चुकली तर ब्रेक मारताक्षणी प्लेट फिरते आणि चाक जाम होतं, हे चालतंय म्हणून सोडायचं काम नाही.

मागचं चाक बसवताना दोन्ही बाजूच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, चेन मधोमध २० ते ३० मिमी वरखाली हलली पाहिजे. मग एक्सल नट घट्ट, टॉर्क आर्म, स्प्लिट पिन, ब्रेक रॉड. आधी गल्लीत हळू चालवून ब्रेक दाबून बघा, आणि ५० एक किलोमीटर झाले की पाना घेऊन सगळे नट परत एकदा तपासा. माझा टॉर्क आर्मचा नट तेव्हा अर्धा आटा सैल निघाला होता.