पिवळं पाकीट आलं की आधी तारीख बघा

गेल्या महिन्यात सांगलीकडचा एक मुलगा आमच्याकडे जेवायला आला. जर्मनीत, श्टुटगार्टला येऊन त्याला जेमतेम चार महिने झालेत. हात धुऊन झाल्यावर त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक सरकारी कागद काढला आणि म्हणाला, "काका, हे असंच असतं ना? ग्रुपवर सगळे म्हणाले, दुर्लक्ष कर." कागदावरची तारीख तेवीस दिवसांपूर्वीची होती आणि मुदत एका महिन्याची. ताटं तशीच बाजूला सारून आम्ही उत्तर लिहायला बसलो.

ज्या ग्रुपने त्याला हा सल्ला दिला, त्यात मीही आहे. आपली माणसं मदतीला धावतात, यात वादच नाही. कोथिंबीर कुठे मिळते, कुकरची शिटी कोणाकडे जादा आहे, हे अर्ध्या मिनिटात कळतं. पण सरकारी पत्र आलं की तीच माणसं दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो, काही होत नाही, आपोआप मिटतं. दुसरा म्हणतो, गपचूप पैसे भर, तक्रार केलीस तर व्हिसा जाईल. मी चौदा वर्षांत दोन्ही करून पाहिलंय. दोन्ही चूक.

पत्ता दोन आठवड्यांत नोंदवा, इन्शुरन्स काढा, बँकेचं खातं उघडा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते हक्कांबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्याला मोर्चा नाहीतर सुप्रीम कोर्ट आठवतं. इथे हक्क बहुतेक वेळा एका साध्या कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरात, तारखेला बांधलेला असतो.

थोडी पार्श्वभूमी. जर्मनीची राज्यघटना, ग्रुंडगेझेत्स, २३ मे १९४९ ची. आपली घटना समितीने त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला स्वीकारली. इथले मूलभूत हक्क अगदी सुरुवातीला आहेत, कलम १ ते १९. पहिलंच वाक्य आहे की माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे. ते कोणत्या राखेतून लिहिलं गेलं हे वेगळं सांगायला नको. कलम ७९ म्हणतं की हा गाभा संसदेला कितीही बहुमत असलं तरी बदलता येणार नाही. ही कल्पना आपल्याकडेही पोचली. हायडेलबर्गचे कायदेतज्ज्ञ डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारसला यावर व्याख्यान दिलं होतं, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात त्यांच्या लेखनाचा आधार घेतलेला दिसतो. तेव्हा कोणी जर्मन सहकारी लोकशाही शिकवायला लागला, तर देवाणघेवाण जुनी आहे म्हणून सांगा.

आता नवख्यांचा पहिला प्रश्न: आपण नागरिक नाही, मग हे हक्क आपले का? बहुतेक आपलेच. घटनेच्या शब्दांकडे नीट बघा. काही कलमं 'प्रत्येकाला' म्हणतात, काही 'सर्व जर्मनांना'. प्रतिष्ठा, जीव आणि शरीर, समानता, धर्म, अभिव्यक्ती, घराची अभंगता, कोर्टात जाण्याचा हक्क हे सगळ्यांचे. सभा, संघटना, देशभर कुठेही राहणं, व्यवसाय निवडणं हे घटनेत जर्मनांचे. पण सभेचा हक्क साध्या कायद्याने आपल्यालाही आहे, त्यामुळे निदर्शनात उभं राहिल्याने कोणी तुम्हाला विमानात बसवत नाही. मतदान मात्र नाही. दोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क देऊन पाहिला, तो १९९० मध्ये घटना न्यायालयाने रद्द केला. कंपनीतल्या कामगार मंडळाच्या, म्हणजे बेट्रीब्सराटच्या, निवडणुकीत मात्र पासपोर्ट कोणी विचारत नाही. तिथे मत द्या. आपली आयटीवाली मंडळी 'युनियनबाजी' म्हणून नाक मुरडतात आणि नोकरकपात आली की पहिले त्याच दारात जाऊन उभी राहतात.

आणि आता माझी चूक. ही मी दर वर्षी सांगतो. बायको म्हणते पुरे, पण मी सांगणार.

माझं तिसरं वर्ष होतं. दिवाळी आणि धाकट्या भावाचं लग्न एकत्र साधून सहा आठवडे घरी गेलो. त्याआधी वर्षभरापूर्वी मी एक घर सोडलं होतं. त्या घरमालकाने रंगकाम आणि जमिनीच्या ओरखड्यांपोटी माझ्याकडे २,१४० युरो निघतात असा दावा लावला. मी घर सोडताना भिंती रंगवून दिल्या होत्या, फोटोही होते. पण मी तिकडे लाडू वळत होतो आणि इकडे पत्रपेटीत माह्नबेशाइड येऊन पडलं.

हा प्रकार समजून घ्या, कारण आपल्याकडे असं काही नसतं. पैसे मागणारा माणूस कोर्टाकडे फॉर्म भरतो आणि कोर्ट तुम्हाला पैसे भरा असं पत्र धाडतं. मागणी खरी की खोटी हे कोर्ट तपासत नाही. पुन्हा वाचा, तपासत नाही. सोबत एक फॉर्म येतो. त्यात 'संपूर्ण मागणी अमान्य' या चौकोनात खूण करून दोन आठवड्यांत परत पाठवायचा. कारण द्यावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. मग मागणाऱ्याला रीतसर खटला चालवून सिद्ध करावं लागतं. खूण केली नाहीत तर पुढचं पत्र येतं, फोलश्ट्रेकुंग्सबेशाइड, म्हणजे वसुलीचा आदेश. त्यावरही दोन आठवडे. तेही गेले की तो निकालच झाला, आणि तो तीस वर्षं वसूल करता येतो.

मी उतरलो त्याच्या चार दिवस आधी दुसरी मुदत संपली होती. शेजारच्या आजींनी माझी पेटी रिकामी करून सगळं टपाल एका कापडी पिशवीत घालून ठेवलं होतं. त्यात पिझ्झाच्या जाहिराती, विजेचं बिल आणि दोन पिवळी पाकिटं. कोर्टाची पत्रं पिवळ्या पाकिटात येतात आणि पोस्टमन पेटीत टाकताना त्याच्यावर पेनाने तारीख लिहितो. मुदत त्या तारखेपासून, तुम्ही उघडल्यापासून नव्हे. मी पिशवी चपलांच्या स्टँडखाली सरकवली. भाजणी आणि कुरडयांचे डबे काढले, झोप पुरी केली, ऑफिसला गेलो. पिशवी तीन आठवडे तिथेच.

मग एका शुक्रवारी सुपरमार्केटच्या काउंटरवर माझं कार्ड चालेना. पट्ट्यावर दूध, कांदे, कोबी. मागे सात-आठ माणसं. मुलीने तीनदा कार्ड लावून पाहिलं, मग कोबी हळूच बाजूला ठेवला. बँकेने खातं गोठवलं होतं. घरी येऊन मी ती पिशवी उघडली.

वकीलबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली, कॅलेंडर ओढलं आणि एकच प्रश्न विचारला. "परत कधी आलात?" मी म्हणालो, चार तारखेला. त्या म्हणाल्या, "आज सत्तावीस." आणि पेनाला टोपण लावलं.

खरी चूक गावाला जाण्यात नव्हती. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलंय की काही आठवड्यांसाठी घर बंद करून गेलेल्या माणसाने पत्र येईल म्हणून खास सोय करून ठेवावी, अशी अपेक्षा करता येत नाही. आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क कलम १०३ मध्ये आहे आणि मुदतीच्या नियमांनी तो मारायचा नाही. म्हणून मुदत पुन्हा मिळवण्याचा अर्ज करता येतो. पण परत आल्यावर दोन आठवड्यांत. हक्क होता, घटनेतला होता, आणि मी तो चपलांखाली ठेवला. पैसे भरले, वर व्याज आणि खर्च भरला, आणि शूफाच्या, म्हणजे पत नोंदवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीमुळे पुढची दोन वर्षं नवं घर मिळायची मारामार झाली.

म्हणून सरकारी कार्यालयाचा कुठलाही बेशाइड, म्हणजे निर्णयाचं पत्र, आला की आधी शेवटचं पान. तिथे लिहिलेलं असतं की याविरुद्ध कुठे, किती दिवसांत आणि कसं जायचं. बहुधा एक महिना. वाहतुकीच्या दंडाला दोन आठवडे. नोकरीवरून काढलं तर कामगार न्यायालयात तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत एचआरशी गोड बोलण्याने काही थांबत नाही. काही राज्यांत बऱ्याच बाबतींत विडरश्प्रुखची, म्हणजे आधी कार्यालयाकडेच हरकत घेण्याची, पायरीच काढून टाकलीय, थेट प्रशासकीय न्यायालय, म्हणून मित्राच्या राज्यातला अनुभव आपल्याला लावू नका. ती सूचना पत्रात नसेलच तर मुदत एक वर्षाची होते. साधा ईमेल चालत नाही, सहीचा कागद लागतो. मुदत जवळ असेल तर कार्यालयाच्या पेटीत स्वतः नेऊन टाका, साक्षीला कोणीतरी घ्या. कारणं नंतर कळवतो असं लिहिलं तरी चालतं, आधी तारीख वाचवा.

उलटही सांगतो. कार्यालयच उत्तर देत नसेल तर? नागरिकत्वाचे अर्ज दीड-दोन वर्षं धूळ खात पडतात आणि आपली मंडळी दर आठवड्याला 'कोणाचं झालं का' विचारत बसतात. ठोस कारण नसताना तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो, उंटेटिग्काइट्सक्लागे. नाव वाचूनच घाम फुटतो, पण दावा साधा असतो. "सरकारवर केस करायची?" म्हणून माझ्या एका मित्राने दोन वर्षं काढली, शेवटी दावा लावला आणि काही आठवड्यांत फाइल हलली. त्याची फाइल बघणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी पुढच्या भेटीत नेहमीसारखंच हस्तांदोलन केलं. कोर्टात जाणं म्हणजे भांडण हे आपल्या डोक्यात आहे. इथे ती फाइलमधली पुढची पायरी.

कार्ल्सरूहला मात्र उठसूट जाता येत नाही. आपल्याकडे कलम ३२ आहे. बाबासाहेब त्याला घटनेचा आत्मा म्हणाले, आणि त्याखाली थेट सुप्रीम कोर्ट गाठता येतं. एखाद्या पोस्टकार्डाचीही याचिका झालेली आपण वाचलंय. इथे तसं नाही. आधी खालची सगळी कोर्टं संपवायची, मग शेवटच्या निकालापासून एका महिन्यात जायचं, आणि झळ तुम्हाला स्वतःला बसलेली असली पाहिजे. जनहित याचिका हा प्रकार नाही. फी नाही, वकील सक्तीचा नाही, पासपोर्टची अट नाही. वर्षाला पाच हजारांच्या आसपास तक्रारी जातात आणि शंभरातल्या एक-दोन यशस्वी होतात. इमारत एकदा पाहून या. राजवाड्याच्या बागेशेजारी, बसकी, काचेची, बाहेरून आत दिसेल अशी.

घराबद्दल थोडक्यात. भाड्याच्या घराचा ताबाही मालमत्तेसारखा संरक्षित आहे, हे त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलंय. मालकाला तुमच्या परवानगीशिवाय किल्ली ठेवता येत नाही. पोलीस दारात आले तर तातडीचा धोका सोडून न्यायाधीशाचा आदेश लागतो. तुम्ही आदरातिथ्याने 'या ना, आत या' म्हणालात तर ती संमती धरली जाते. चहा नंतर.

मुलांना चापट मारायची नाही. २००० पासून कायद्यात मुलांना हिंसामुक्त वाढीचा हक्क आहे. यावर मी वाद घालत नाही.

बोलण्याबद्दल मात्र कान टोचतो. इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य अमेरिकेसारखं नाही. गाडी चालवताना मधलं बोट दाखवणं हा गुन्हा आहे आणि समोरचा नंबर टिपून खरंच तक्रार करतो. ज्यूंचा संहार झालाच नाही असं म्हणणं गुन्हा आहे. आणि कृपा करून ऑफिसच्या पार्टीत 'शिस्त हवी तर हिटलरसारखी' हे वाक्य बोलू नका. आपल्यातल्या एका हुशार माणसाने कौतुकाच्या सुरात हे म्हटल्यावर टेबलावर जी शांतता पसरली, ती मी ऐकलीय. पुढे त्याला कोणी जेवायला बोलावलं नाही.

त्याच धाग्यातलं स्वस्तिक. नव्या गाडीची पूजा करून एकाने बॉनेटवर कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये लावली. तासाभरात दोन पोलीस. कायदा नाझी चिन्हाविरुद्ध आहे, आपल्या पूजेविरुद्ध नाही, आणि धर्माचं स्वातंत्र्य कलम ४ मध्ये आहे. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुसायला सांगितलं. देवघरात, चौरंगावर खुशाल काढा. दाराबाहेर, गाडीवर, रांगोळीत मात्र 'श्री' काढा. रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते चिन्ह बघून काय आठवतं, तेही आपण समजून घ्यावं.

पत्रपेटीवर पासपोर्टवरचं आडनाव लिहा. बायकोचं वेगळं असेल तर तेही. गावाला जाताना शेजाऱ्यांना पेटीची किल्ली द्या आणि पिवळं पाकीट आलं तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगा. आमच्या आजी आता पंच्याऐंशीच्या आहेत, मी त्यांना दर वेळी भाकरवडी आणतो. मागच्या गणपतीत रात्री दोन वाजता फोन वाजला. आजींचा फोटो होता. दचकून उठलो, मोठा करून पाहिला. पिझ्झावाल्याची पिवळी जाहिरात, मागून-पुढून.