इंजिनिअरिंगची फी: महाडीबीटीचा अर्ज आणि त्यामागचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरोघरी कटऑफची चर्चा सुरू होते. फीची चर्चा होते ती जागा मिळाल्यावर, आणि तोवर एकदोन सवलती हातच्या निघून गेलेल्या असतात. हे टिपण खास करून अशा लोकांसाठी आहे जे दुसऱ्या घरांना अर्ज भरायला मदत करतात: शाळेतले शिक्षक, शेजारची शिकलेली ताई, पुण्यात नोकरी करणारा चुलतभाऊ. उदाहरण इंजिनिअरिंगचं घेतलं असलं तरी फार्मसी, व्यवस्थापन अशा कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) प्रवेश होणाऱ्या इतर अभ्यासक्रमांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी कोणती सवलत, ते ठरवा

सुरुवात टीएफडब्ल्यूएसपासून, म्हणजे शिकवणी फी माफीच्या जागांपासून करा, कारण या सवलतीचा निर्णय महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर होत नाही, कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्येच, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीच्या यादीतच होतो. बहुतेक अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा यासाठी असतात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत लागतं. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी टी हे अक्षर येतं. तो कोड ऑप्शन फॉर्ममध्ये टाकलाच नाही, तर नंतर कितीही कागद दाखवले तरी ही जागा मिळत नाही. मिळाली तर पूर्ण अभ्यासक्रमाची शिकवणी फी माफ होते. विकास शुल्क आणि इतर फी मात्र भरावी लागते. पुढे कॉलेज किंवा शाखा बदलली तर माफी जाते. या जागांचा कटऑफ नेहमीच्या जागांपेक्षा बराच वर असतो, म्हणून यादीत टीएफडब्ल्यूएसचा कोड वर आणि त्याच शाखेचा साधा कोड त्याच्या खाली, असा क्रम लावणं शहाणपणाचं.

बाकीच्या योजना प्रवेशानंतर, महाडीबीटी पोर्टलवर.

खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे बोलीतली ‘ईबीसी’. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिकवणी आणि परीक्षा फीच्या निम्मी रक्कम. ओबीसी मुलालाही व्यावसायिक अभ्यासक्रमात निम्मीच. भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना पूर्ण. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात फीसोबत निर्वाह भत्ताही येतो; त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी मिळते पण भत्ता नाही. अडीच लाख दोन हजारांचा दाखला जोडून स्कॉलरशिपच्या योजनेत अर्ज केला, तर तो नाकारला जातो आणि फ्रीशिपचा अर्ज नव्याने करावा लागतो. आकडा आधी बघा, मग योजना निवडा.

मुलींबाबत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. आर्थिक दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५० ऐवजी १०० टक्के शिकवणी आणि परीक्षा फी मिळते. याचा अर्थ ‘मुलींना सगळं फुकट’ असा गावभर पसरला आहे, तो खरा नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, अनामत हे सगळं घरच्यांच्याच खिशातून जातं.

आणि एक अट सगळ्यात जास्त कुटुंबांना धक्का देते. ईबीसी आणि मुलींची ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरच्या जागा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना ती नाही. ‘आमच्याकडे स्कॉलरशिप मिळते’ असं प्रवेशाच्या टेबलावर कोणी सांगितलं, तर योजनेचं नाव लिहून मागा.

कागद: कोणता कधी काढायचा

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. सीईटीच्या गडबडीत फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला म्हणूनच जुलैत उपयोगी पडत नाही. तो १ एप्रिलनंतर काढा. मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यावर असतं, आई-वडील दोघांचं मिळून. शेतकरी घराला सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल, नोकरदाराला फॉर्म १६. सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज होतो, सही तहसीलदारांची. निकालानंतर सेतूपुढे रांग लागते, त्यामुळे मे महिन्यातच हे काम उरकलेलं बरं. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीवर भरावा लागतो, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा. बारकोड पुसट आलेली झेरॉक्स कामाची नाही.

ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि ईबीसी यांची गल्लत नेहमी होते. पहिलं जागेच्या आरक्षणासाठी आहे, दुसरी फीची योजना. खुल्या जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलाला ईबीसीसाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागत नाही. उत्पन्नाचा दाखला पुरतो.

याशिवाय अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट पत्र, कॉलेजची फी पावती, रेशन कार्ड, राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला व जात वैधता, ओबीसीसाठी नॉन-क्रिमीलेअर. बारावीनंतर एक वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ईबीसीचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो, त्याचंही घोषणापत्र द्यावं लागतं. प्रत्येक कागद स्कॅन करून २५६ केबीच्या आत बसवा. मोबाइलने काढलेला फोटो थेट चढवला तर बहुधा आकारामुळे अडतो, आणि फार दाबला तर अक्षर वाचता येत नाही म्हणून कॉलेजचा क्लार्क अर्ज परत पाठवतो.

खातं: पैसे इथे अडतात

अर्ज मंजूर, तरी पैसे नाहीत, या तक्रारीमागे बहुतेक वेळा बँक खातं असतं. महाडीबीटीवर खाते क्रमांक विचारला जात असला तरी रक्कम जाते ती आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेल्या खात्यात. या जोडणीला सीडिंग म्हणतात. ‘माझ्या खात्याला आधार लिंक आहे’ आणि ‘माझं आधार सीडिंग झालं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधारची प्रत दिली म्हणजे सीडिंग होतंच असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. एका आधारवर एका वेळी एकच खातं सीड असतं, आणि ते शेवटी जोडलेलं असतं. मुलाने मोबाइलवरून एखाद्या नव्या बँकेत खातं उघडताना संमतीच्या चौकोनावर टिचकी मारली की सीडिंग तिकडे सरकतं, आणि घरचे मात्र जुन्या पासबुकात नोंद शोधत बसतात.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा: बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. लॉगिनला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदला, नाहीतर महाडीबीटीची नोंदणीही होणार नाही. खातं विद्यार्थ्याचंच हवं, वडिलांचं चालत नाही. अपुऱ्या केवायसीवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ प्रकारच्या खात्यात वर्षाला १ लाखापर्यंतच जमा होऊ शकते आणि शिल्लक ५० हजारांच्या वर चालत नाही. अशा खात्यातून फीची रक्कम परत जाऊ शकते. पूर्ण केवायसी करून घ्या.

अर्ज भरताना

नोंदणी आधारच्या ओटीपीने. युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. सायबर कॅफेवाल्याच्या वहीत राहिलेला पासवर्ड दुसऱ्या वर्षी कोणालाच आठवत नाही.

मग प्रोफाइल: वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण, वसतिगृह. चुका होतात त्या अभ्यासक्रमाच्या पानावर. एकाच नावाची दोन कॉलेजं, पहिली आणि दुसरी पाळी, शाखेची मिळतीजुळती नावं. यादीतून चुकीचं निवडलं तर अर्ज भलत्याच कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तुमच्या कॉलेजला तो दिसतच नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनी मागील शिक्षणात डिप्लोमा भरायचा, आणि सध्याचं वर्ष दुसरं. कॅपचा अर्ज क्रमांक अलॉटमेंट पत्रावरून बघूनच टाका. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर अर्जाआधी आधार दुरुस्त करा.

सबमिट झाल्यावर आलेल्या अर्ज क्रमांकाची प्रत, कागदांच्या झेरॉक्ससह, कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्या. ऑनलाइन अर्ज केला की झालं, असं समजून हे टाळणारे खूप. क्लार्कने पडताळला, प्राचार्यांच्या लॉगिनवरून पुढे गेला, मग विभागाकडे, असा त्याचा प्रवास असतो. कॉलेजच्या टेबलावर तो पडून राहिला तर दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि लगेच पुन्हा पाठवा. अंतिम तारीख वाढते हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. शेवटच्या आठवड्यात पोर्टल रडतं.

प्रवेशाच्या दिवशी किती पैसे हवेत

शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी असते: शिकवणी वेगळी, विकास शुल्क वेगळं. सवलत शिकवणीवर मोजतात. समजा शिकवणी १,००,००० आणि विकास शुल्क १०,०००. ईबीसीच्या मुलाला ५०,००० सुटतात. घरून ६०,००० आणि वर परीक्षा फीचा अर्धा वाटा. मुलीला घरून १०,०००. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी सवलतीचा भाग घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेजने पूर्ण रक्कम मागितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शिष्यवृत्तीची फी विद्यार्थ्याच्या खात्यात आली, तर ती कॉलेजची आहे हे घरात आधीच सांगून ठेवा. त्या पैशातून खतं-बियाणं घेतल्यावर मुलाचं परीक्षेचं हॉल तिकीट अडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

सरकारी रक्कम बहुधा वर्ष निम्मं उलटल्यावर, हप्त्यांनी येते. म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च तिच्यावर टाकू नका. त्यासाठी योजना निराळ्या आहेत: ईबीसीच्या पात्र मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार.

दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. ईबीसीला हजेरी किमान ५० टक्के लागते आणि सत्राची परीक्षा द्यावीच लागते.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज

बँका साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे वडिलांचं थकलेलं पीककर्ज किंवा गाडीचा चुकलेला हप्ता इथे आडवा येतो. सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आधीच काढून बघा.

व्याज पहिला हप्ता कॉलेजला गेल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी १ लाख असे चार वर्षं उचलले, दर १० टक्के सरळव्याज, आणि फेड अभ्यासक्रमानंतर वर्षाने सुरू झाली, तर तोवर व्याजच १,४०,००० होतं. शिकत असताना दरमहा व्याज भरता आलं तर हा डोंगर उभा राहत नाही.

वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कर्जावर सवलतीच्या काळातलं, म्हणजे फेड सुरू होण्याआधीचं, व्याज केंद्र सरकार भरतं, पण कॉलेज नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए मानांकित असावा लागतो. बँक हे आपणहून सांगेलच असं नाही; कर्जाच्या अर्जासोबतच उत्पन्नाचा दाखला देऊन व्याज अनुदानाचा दावा नोंदवायला सांगा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. तिथे ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट मिळते. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघून मगच बँकेत जा.