दाबावर चालणारी पाण्याची बंदूक: निवड, वापर आणि निगा

साध्या पिचकारीत हात थांबला की धारही थांबते, कारण दट्ट्याला दिलेला जोर कुठेही साठत नाही. हा जोर हवेत साठवून ठेवण्याची युक्ती लॉनी जॉन्सन या अमेरिकी अभियंत्यांनी खेळण्यात आणली. १९८२ मध्ये फ्रीऑन या शीतयंत्रांतील वायूऐवजी पाणी वापरणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग ते घरच्या न्हाणीघरात करत होते आणि नोझलमधून सुटलेली जोरकस धार पाहून त्यांना ही कल्पना सुचली. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, १९९० मध्ये लॅरामी कंपनीने ‘पॉवर ड्रेंचर’ बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिचे नाव ‘सुपर सोकर’ झाले.

बंदूक निवडताना दाब कुठे साठतो हे आधी पाहावे. काही बंदुकांत पंपाने हवा थेट पाण्याच्या टाकीत भरली जाते. अशी टाकी काठोकाठ भरू नये. सुमारे एक तृतीयांश जागा हवेसाठी मोकळी ठेवावी, अन्यथा थोडेसे पाणी बाहेर पडताच दाब ओसरतो. दुसऱ्या प्रकारात पंप टाकीतले पाणी वेगळ्या दाबकक्षात ढकलतो आणि तिथली हवा आकसते. या प्रकारात टाकी पूर्ण भरता येते, म्हणून नेहमीच्या खेळासाठी मला हाच अधिक सोयीचा वाटतो. दोन्हींत धार सुटत असताना हवा प्रसरण पावते आणि जोर हळूहळू कमी होतो. १९९६ च्या ‘सीपीएस २०००’ या सुपर सोकर बंदुकीत हवेऐवजी ताणलेली रबरी पिशवी पाण्याला दाबत असे, त्यामुळे धार शेवटपर्यंत जवळजवळ सारख्याच जोराची राहत असे. या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी सुधारणा मी हीच मानतो.

पंप किती मारावा, याचे उत्तर हिशेबातून मिळते. आतील हवा निम्म्या जागेत दाबली गेली, तर घर्षण वगळता पाणी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने सुटते. एक तृतीयांश जागेत दाबली, तर सुमारे २० मीटर. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत असलेला जादा दाब दुप्पट झाला तरी वेग दुप्पट होत नाही, सांधे आणि झडपा यांच्यावरचा ताण मात्र वाढतो. दट्ट्या जड लागू लागला की थांबावे. लांब टप्प्यासाठी बंदूक ४५ अंशांपेक्षा थोडी खालीच धरावी, कारण हवेच्या विरोधामुळे उंच गेलेली धार लवकर फुटते. जवळून मारलेली धार डोळ्याला इजा करू शकते, म्हणून चेहऱ्यावर नेम धरू नये.

खेळ संपल्यावर चाप ओढून उरलेला दाब सोडावा, पाणी ओतून टाकावे आणि झाकण उघडे ठेवून बंदूक सावलीत वाळवावी. दट्ट्याच्या रबरी वॉशरला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते, म्हणून ती टाळावी. रंगपंचमीला रंग वापरायचाच असेल, तर तो पाण्यात पूर्ण विरघळवून कापडातून गाळूनच टाकीत भरावा, कारण न विरघळलेले कण अरुंद नोझलमध्ये आणि झडपेत अडकतात, आणि झडप नीट मिटली नाही तर दाब टिकत नाही. त्याच दिवशी दोन-तीनदा स्वच्छ पाणी भरून ते नोझलमधूनच बाहेर सोडावे.