शुगर कुकीज ट्रेमध्ये पसरतात? ठाण्याच्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात सोसायटीतल्या मुलांसाठी शुगर कुकीज करायला घेतल्या. कटरने चोवीस चांदण्या कापल्या, ट्रेमध्ये ओळीने मांडल्या आणि दहा मिनिटांनी ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनच्या, काचेतून पाहिलं तर चांदणी एकही नाही. सगळ्या एकमेकींत मिसळून ट्रेभर एकच जाड पापड झाला होता. शेजारचा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "काकू, हा ठाणे जिल्ह्याचा नकाशा आहे का?"

रेसिपी चांगली होती, फक्त ती थंड देशातली होती. "बटर रूम टेंपरेचरला आणा" असं त्यात लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याची खोली 20-21 अंशांवर असते. नौपाड्यातलं माझं स्वयंपाकघर मे महिन्यात दुपारी 33 अंशांवर जातं, आणि गॅसची ज्योत विझते म्हणून तिथे पंखाही लावता येत नाही. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. म्हणजे आपल्याकडे रूम टेंपरेचरचं बटर जवळजवळ वितळलेलंच असतं. दुसरी अडचण आपल्या हातांची. शंकरपाळी, करंज्या, पोळ्या करून हाताला ज्या सवयी लागलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्या इथे आडव्या येतात.

आधी मी आता वापरते ते प्रमाण: मैदा 250 ग्रॅम, बटर 150 ग्रॅम, पिठीसाखर 120 ग्रॅम, थंड दूध दीड मोठा चमचा, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा. अंडं नाही. साधारण 25 कुकीज होतात. नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. वाटीने मोजू नका. मैदा हलक्या हाताने भरला तर एका कपात 125 ग्रॅम मावतो, डब्यात कप खुपसून भरला तर सहज 150 च्या वर जातो, आणि मग कुकी कोरडी होऊन तडकते. छोटा डिजिटल काटा घेऊन टाका, दिवाळीलाही कामाला येईल.

बटर: सगळ्यात जास्त घोळ इथेच

बटर आणि साखर फेटताना साखरेचे कण घट्ट बटरमध्ये घुसून हवेच्या बारीक जागा तयार करतात. बटर पातळ असेल तर ती हवा धरायला काहीच उरत नाही. ट्रे ओव्हनमध्ये गेला की बटर आधी वाहू लागतं आणि मैदा आकार धरायच्या आत चांदणीचा पापड होतो.

फ्रीजमधून काढून उन्हाळ्यात दहा मिनिटं, डिसेंबर-जानेवारीत वीस-पंचवीस मिनिटं पुरे. पण घड्याळापेक्षा बोट खरं. बटरवर बोट दाबा. खड्डा पडला पाहिजे, पण त्याच्या कडा उभ्या राहिल्या पाहिजेत आणि बोटाला तुपकट चमक लागता कामा नये. बोट सरळ आत गेलं किंवा वडी कडेने चकाकायला लागली तर उशीर झालाय. बटरचं पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवा, हलवत राहा, घट्ट होऊ लागलं की थांबा. पूर्ण वितळून गेलेलं बटर मात्र पुन्हा गोठवून पहिल्यासारखं होत नाही. ते पोळीला लावा.

आमच्या घरी या वेळी हमखास सल्ला येतो तो शंकरपाळ्यांचा. "मोहन कसं कडकडीत हवं, म्हणजे खुसखुशीत होतं." शंकरपाळ्यांना ते शंभर टक्के खरं, आणि तळताना गरम तेलात बाहेरून लगेच कवच धरतं, म्हणून आकारही टिकतो. इथे गरम बटर ओतलं की संपलं.

दुसरा सल्ला, "बटर कशाला, घरचं तूप घाल." घाला की, पण वजनाला वजन नको. बटरमध्ये किमान 80 टक्के फॅट असतं आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. तुपात पाणी जवळपास नसतंच. 150 ग्रॅम बटरच्या जागी 120 ग्रॅम थिजलेलं तूप आणि दीड-दोन मोठे चमचे दूध जास्त. तरी लागेल ते नानखटाईकडे झुकलेलंच. वाईट नाही, फक्त कटरने नाजूक आकार कापायचे असतील तर नको. घरच्या लोण्यात उलट पाणी जास्त आणि दर वेळी वेगळं, म्हणून ते मी वापरत नाही.

आपली साखर जाड दाण्याची असते. तशीच घातली तर कुकीत कचकचते आणि वरून ठिपके दिसतात. मिक्सरमधून काढा, पण काढल्या काढल्या घालू नका. भांड्याला हात लावून बघा, साखर कोमट झालेली असते आणि बटर पुन्हा पातळ करते. फेटणंही बेताचं ठेवा. केकसाठी पांढरंफटक होईपर्यंत फेटतो तसं इथे केलं तर जास्तीच्या हवेने कुकी फुगते आणि मग बसते. दोन मिनिटं पुरे.

तिंबू नका

मैदा घातल्यावर हात आपोआप कणीक तिंबायला लागतात. आवरा. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, मग कुकी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. गोल कापलेली लांबट होऊन येते ती त्यामुळेच. बोटांच्या टोकांनी गोळा करायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गोळा भुसभुशीत वाटला तर चमचाभर थंड दूध.

लाटताना पिठी लावायची सवयही तशीच. चार वेळा पिठी भुरभुरवली की शेवटच्या कुकीज कोरड्याठक्क होतात. त्यापेक्षा थालीपिठासारखं करा, दुधाची पिशवी कापून धुऊन घ्या आणि दोन प्लॅस्टिकांच्या मध्ये गोळा ठेवून लाटा. पोळपाटाला चिकटत नाही, पिठी लागत नाही.

आणि गोळा फ्रीजमध्ये ठेवून मग लाटण्यापेक्षा आधी लाटा, मग फ्रीजमध्ये ठेवा. हे मला उशिरा कळलं. फ्रीजमधला गोळा दगड होतो, त्याच्याशी लाटण्याने मारामारी करेपर्यंत बाहेरचा थर वितळलेला असतो. जाडी 5-6 मिलिमीटर. पोळीचा हात असेल तर ती पातळ होणारच, म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवा. प्लॅस्टिकसकट ताटात आडवं ठेवून 30-40 मिनिटं फ्रीज, मग आकार कापा. कटर नसेल तर डब्याचं झाकण चालतं, शंकरपाळ्यांच्या कातण्याने चौकोन तर फारच छान येतात. कापलेला ट्रे ओव्हनमध्ये जायच्या आधी पुन्हा दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. उन्हाळ्यात ही दहा मिनिटं चुकवली की पापड.

ओटीजीवर आंधळा विश्वास

माझ्या ओटीजीची कळ 180 वर असते तेव्हा आत 205 अंश असतात. हे दोन वर्षं माहीत नव्हतं, मी रेसिपीला बोल लावत होते. ओव्हनमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन आहेच.

कुकीजना खरं तापमान 170 ते 175 हवं, खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल चालू, आणि ट्रे मधल्या खाचेत. लाल दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, आणखी दहा मिनिटं द्या. पंख्याचा मोड असेल तर 15 अंश कमी. ओटीजीबरोबर येणारा काळा ट्रे खालून लवकर तापतो. वरून पांढऱ्या आणि खालून करपलेल्या कुकीज याचंच काम. एकावर एक चिकटून दोन ट्रे ठेवा आणि वर बेकिंग पेपर घाला. मेणाचा कागद नको, मेण वितळतं. आठव्या मिनिटाला ट्रे फिरवून घ्या, कारण बहुतेक ओटीजीत एक कोपरा जास्त तापट असतो.

दहा-बारा मिनिटांत कडा किंचित सोनेरी झाल्या की बाहेर. मधून मऊच लागणार. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, "अजून कच्च्या आहेत" म्हणून पाच मिनिटं वाढवतात आणि गार झाल्यावर दाताला दगड लागतो. बटर आणि साखर थंड होताना घट्ट होतात, कुकी बाहेर आल्यावर कडक होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर. गरम असताना उचलाल तर मोडेल. दुसरी बॅच गरम ट्रेवर मांडू नका, ट्रे नळाखाली धरून गार करून पुसून घ्या.

पावसाळा

जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता बऱ्याचदा 85 टक्क्यांच्या वर असते आणि साखर ओलावा ओढते. सकाळी कुरकुरीत कुकी संध्याकाळपर्यंत चहात बुडवलेल्या मारी बिस्किटासारखी. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरली तर तिचीच वाफ तिला मऊ करते. घट्ट झाकणाचा डबा, आणि रोज उघडायचा असेल तर थोड्या थोड्या दोन डब्यांत. मऊ झाल्याच तर 150 अंशांवर पाच-सहा मिनिटं. गार झाल्या की परत कुरकुरीत.

आयसिंगचं दुखणं वेगळं. पिठीसाखर आणि दुधाचं साधं आयसिंगही पावसात चिकट राहतं. कुकी गार नसेल तर वितळून ओघळतं, ते तर बारा महिने. एसी असलेल्या खोलीत किंवा हॉलमधल्या पंख्याखाली ताटांत पसरून रात्रभर ठेवावं लागतं. मी सोफ्याच्या हातावर ताट ठेवलं होतं, सकाळी मांजराच्या पंजाचा ठसा दोन चांदण्यांवर. मांजर आमचं नाही, तळमजल्याचं आहे, ग्रिलमधून येतं. आता झाकायला जाळीचं झाकण घेतलंय, फळं झाकायचं असतं तसं.